अर्थिंगचा दोष (जुन्या मोटारी)

मोटारीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत करंट वायरीने जातो. परतीला मात्र बहुतेक ठिकाणी वायर नसते, गाडीचा पत्राच ती वाट असतो. या वाटेवरचा एखादा जोड गंजला, सैल झाला किंवा रंगाखाली दडला की होणाऱ्या बिघाडाला गॅरेजमध्ये ‘अर्थिंग गेलं’ म्हणतात. घरातल्या अर्थिंगशी याची गल्लत करू नये. तिथली तार सुरक्षेसाठी असते, इथे अर्थिंगशिवाय सर्किटच पुरे होत नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, त्यामुळे ते बॉडीपासून जवळजवळ सुटे असते. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची पट्टी लागते. प्रीमियर पद्मिनी असो की जुनी मारुती ८००, तीस-चाळीस पावसाळे खाल्लेल्या गाडीत या पट्टीचे टोक हिरवे पडलेले असते. पट्टी तुटली तरी करंट दुसरी वाट शोधतो. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार) मारताना चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तर तो करंट तिच्यातून चालला आहे असे समजावे.

फसगत होते ती इथे. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. साहजिकच बॅटरीवर किंवा सेल्फवर खापर फुटते आणि नवी बॅटरी येते. हिशेब साधा आहे. जोडात ०.०१ ओहम विरोध असला, तर ५५ वॅटच्या एका दिव्याच्या साडेचार अँपिअरमागे जेमतेम ०.०५ व्होल्ट घटतो, तो डोळ्याला कळत नाही. सेल्फने १५० अँपिअर ओढले की त्याच जोडावर दीड व्होल्ट खर्ची पडतो. जोड शाबूत आहे की नाही हे मल्टिमीटरच्या ‘बीप’वरून ठरवणे म्हणूनच चुकीचे. पट्टीची एक तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो.

खरी परीक्षा भार असताना होते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागाची) बारीक वायर काढलेली. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर टेकवायचे, वरच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचे. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा खाली राहिला तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष सापडला. मीटर नसेल तर जंपर केबलने मायनस खुंटी थेट इंजिनला जोडून पाहावे. सेल्फ उचलला की निकाल लागला.

मागच्या दिव्यांची लक्षणे जास्त गमतीदार. ब्रेक आणि टेलचा बल्ब दोन फिलामेंटचा असतो, अर्थिंग मात्र दोन्हींना एकच. ते गेलं की ब्रेक दाबल्यावर करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो आणि त्याच सर्किटमधला पार्किंगचा दिवा मिणमिणतो. अशा वेळी स्विच उघडत बसणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. आधी बल्बच्या होल्डरचा स्क्रू पाहावा.

पुण्यात हा दोष पावसाळ्याइतकाच रंगकामामुळेही उद्भवतो. नोंदणीची १५ वर्षे भरली की नूतनीकरणाच्या तपासणीआधी पुष्कळ जण गाडी रंगवून घेतात. डेंटिंग-पेंटिंगवाला अर्थिंगच्या बोल्टखालीही रंग मारतो, आणि काल चालणारा इंडिकेटर नेमका तपासणीच्या दिवशी रुसतो.

दुरुस्ती स्वस्त आहे. बॅटरीची मायनस वायर आधी काढावी, नाहीतर प्लसच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. जोड खोलून पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, घट्ट आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. पट्टी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळावी. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात हाती लागलेली वापरलेली पट्टी मात्र वाकवून, तारा मोजूनच घ्यावी. जुन्या ब्रिटिश मोटारींपैकी काहींत बॉडीला प्लस जोडलेला असतो, तिथे बॅटरी चढवण्याआधी खुंट्यांच्या खुणा तपासाव्यात.