हंगामी घर: घेताना, बंद करताना, उघडताना

ग्रामीण भागातलं हंगामी घर वर्षातले तीन-चार महिने नांदतं आणि बाकीचे महिने कुलूपबंद असतं. घराचं जे काही बिघडतं ते बहुतेक या कुलपाच्या काळात, आणि त्यात पाण्याचा वाटा सगळ्यांत मोठा. पाइपात राहिलेलं पाणी गोठून पाइप फाडतं, जमिनीतली ओल भिंतीत चढते, कोंडलेल्या हवेतल्या दमटपणाने गाद्यांना बुरशी येते. म्हणून हे पत्रक घर बघण्यापासून ते हंगामाच्या पहिल्या दिवशी कुलूप उघडण्यापर्यंत पाण्याच्याच मागावर राहतं. वाचून झालं की विजेच्या बोर्डाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. घर बंद करायच्या दिवशी ते तिथेच लागतं.

घर बघायला कधी जावं

विक्रीला काढलेलं हंगामी घर त्याच्या चांगल्या दिवसांतच दाखवलं जातं. खिडक्या उघड्या, अंगण कोरडं, भिंतींना ताजा रंग. व्यवहार पक्का करण्याआधी एक फेरी वाईट हंगामात माराच, असा आमचा आग्रह आहे. पावसाळी भागातलं घर पावसात बघा, थंड भागातलं थंडीत, आणि विहीर किंवा बोअर कोरड्या दिवसांच्या अगदी शेवटी.

आत गेल्यावर आधी भिंतीतली कपाटं उघडा. रंगाने डाग झाकता येतो, कपाटातला कुबट वास झाकता येत नाही. मग भिंतीचा तळ न्याहाळा. जमिनीतून चढणारी ओल साधारण १ मीटर उंचीपर्यंत दिसते आणि वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांची रेघ सोडते. डाग त्याहून वर असेल किंवा एकाच कोपऱ्यात असेल, तर पाणी छपरातून किंवा पाइपातून येतंय असं समजा. यातला फरक पैशांचा आहे: कौल किंवा पन्हळ बदलणं एका दिवसाचं काम, जोत्यातली ओल थांबवणं महिन्यांचं. त्यानंतर दारांच्या चौकटींच्या पायाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबा. निरोगी लाकूड टोकाला अडवतं. टोक लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं, तर लाकूड सडलंय किंवा वाळवीने आतून पोखरलंय. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते सडत नाही. तो मोजणारं छोटं मीटर मिळतं, बघायला जाताना सोबत ठेवा.

छपराचं पाणी कुठे जातं हेही बघून घ्या. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १२० चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात ५० मिलिमीटर पडला तर ६,००० लिटर खाली येतं. पन्हळीचा पाइप भिंतीलगतच सुटत असेल, तर हे सगळं पाणी जोत्याशी मुरतं. ते निदान २ मीटर लांब, उताराच्या बाजूला सोडलेलं हवं.

विहिरीला किंवा बोअरला पाणी आहे, एवढ्या उत्तरावर थांबू नका. पंप सलग तासभर चालवा आणि २० लिटरची बादली भरायला लागणारा वेळ सुरुवातीला आणि शेवटी मोजा. सुरुवातीला १ मिनिट आणि शेवटी ३ मिनिटं लागत असतील, तर पाहुण्यांनी भरलेल्या घराला ते पाणी पुरणार नाही. पाण्याची तपासणीही करून घ्या. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय जिवाणू एकही नसावा. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर हवेत, ३० असतील तर उत्तम. नेमकं अंतर स्थानिक नियमात बघा, पण मोजायला टेप स्वतः घेऊन जा.

मालकाकडे मागायची एक गोष्ट सहसा कोणी मागत नाही: १२ महिन्यांची वीजबिलं. घर बंद असतानाही युनिट जळत असतील, तर एकतर आतला दमटपणा मशीनने ओढावा लागतोय, नाहीतर कुठेतरी गळती आहे आणि पंप आपोआप चालू-बंद होतोय. दोन्ही गोष्टी घर बघताना दिसत नाहीत, बिलात दिसतात.

रस्त्याचा हक्क कागदावर आहे का, आणि मैला उपसणारा टँकर वाईट हंगामात दारापर्यंत येतो का, हे दोन प्रश्न लेखी उत्तरासह मिटवा.

घर बंद करताना

घर बंद करणं पूर्ण दिवसाचं काम आहे. निघायच्या दिवशी सकाळी सामान भरता भरता ते उरकलं जातं, आणि पुढच्या हंगामातले बहुतेक खर्च तिथूनच सुरू होतात.

आधी पाणी. क्रम महत्त्वाचा आहे. सर्वप्रथम गीझर आणि पंप यांचे एमसीबी पाडा. गीझर रिकामा होत असताना वीज चालू राहिली, तर कॉइल काही मिनिटांत जळते. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. आता घरातला सर्वांत वरचा नळ पूर्ण उघडा, म्हणजे पाइपात हवा शिरेल, आणि त्यानंतर सर्वांत खालचा. वरचा नळ बंद राहिला तर पाणी पाइपातच लटकून राहतं. भरलेल्या नळीचं वरचं टोक बोटाने दाबून धरल्यावर होतं तसंच. गीझरचा ड्रेन उघडा, पण पाणी कोमट होईपर्यंत थांबा. फ्लशच्या टाक्या ओढून रिकाम्या करा आणि तळाशी राहिलेलं पाणी स्पंजने टिपा. वॉशिंग मशीनची पाण्याची नळी सोडवा आणि खालचा गाळणीचा झाकणस्क्रू उघडून आतलं पाणी काढा. तिथे कपभर पाणी हमखास असतं.

जिथे पाणी गोठतं, तिथे ही पायरी अर्धवट चालत नाही. बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. पाइप फुटतो तो मात्र बऱ्याचदा बर्फ झालेल्या जागी फुटत नाही. बर्फाचं बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि सगळ्यात कमजोर जोड उकलतो. म्हणून पाणी काढल्यावर नळ उघडेच ठेवून निघा. हीटर मंद ठेवून पाइप भरलेले सोडण्याची पद्धत आम्ही सुचवत नाही. वीज जाते ती बऱ्याचदा वादळाच्या रात्री, आणि त्या रात्री थंडीही कडक असू शकते. घर उबदार ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण पाइप रिकामे करूनच.

सिंक, बेसिन आणि न्हाणीघराच्या जाळीखाली जो वाकडा ट्रॅप असतो, त्यातलं पाणी मात्र मुद्दाम राखायचं असतं. गटाराचा वायू आणि झुरळं तेच अडवतं. काही आठवड्यांत ते आटतं, आणि महिन्यांनी दार उघडल्यावर नाकात जातो तो वास बहुधा तिथलाच. गोठण्याची भीती नसेल तर प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून वर अर्धा कप खाद्यतेल ओता. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. गोठण्याची भीती असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, नळकामासाठी मिळणारं न गोठणारं द्रावण वापरा. गाडीच्या रेडिएटरचं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते घरात ओतू नका.

छपरावरची प्लास्टिकची टाकी पूर्ण रिकामी सोडली तर वादळात उडते. गोठण्याचा प्रश्न नसेल तर चौथा हिस्सा पाणी ठेवा आणि झाकण घट्ट लावा, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. थंड भागात टाकी रिकामीच ठेवायची, पण पट्ट्याने बांधून.

सेप्टिक टँक जाता जाता उपसून घ्यायची सवय बऱ्याच जणांना असते. जोरदार पावसाच्या तोंडावर ते करू नका. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी प्लास्टिक किंवा फायबरची टाकी होडीसारखी उचलली जाते आणि जोड तुटतात. उपसा लागतो तो तळाचा गाळ टाकीच्या खोलीच्या एक तृतीयांशावर आला की. नेहमीच्या वापरात साधारण ३ ते ५ वर्षांनी. आणि एक गोष्ट जिवाची: टँकमध्ये कोणीही उतरायचं नाही, डोकंही आत घालायचं नाही. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरणाराही तसाच पडतो.

आता हवा. भिंतीला टेकलेलं कपाट, पलंग, सोफा ८ ते १० सेंटिमीटर पुढे ओढा. गाद्या उभ्या करा आणि त्यांवर सुती चादर घाला. प्लास्टिक गुंडाळलेल्या गादीत ओल कोंडते आणि बुरशी आतूनच धरते. आतली दारं, कपाटं, ओव्हन उघडे ठेवा. फ्रीज रिकामा करून, पुसून, दारात टॉवेलची गुंडाळी अडकवा, म्हणजे ते आपोआप लागणार नाही.

खिडक्या किलकिल्या ठेवाव्यात का, हे हवामानावर ठरतं. बाहेरची हवा कोरडी असेल तर खाली एक आणि वर एक झरोका उघडा राहिला की घर श्वास घेतं. सततच्या पावसात बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते आणि उघड्या खिडकीतून ओलच आत येते. अशा ठिकाणी दमटपणा ओढणारं मशीन ५५ टक्क्यांवर लावून त्याची नळी थेट न्हाणीघराच्या जाळीत सोडा. त्याचं भांडं भरलं की मशीन थांबतं, आणि बंद घरात ते रिकामं करायला कोणी नसतं. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी फारशी धरत नाही.

उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. पेन्सिल जिथे शिरते तिथे उंदीर शिरतो, असं धरून बाहेरून घराची प्रदक्षिणा घाला. पाइप भिंतीत शिरतात त्या जागा विशेष बघा. नुसता फोम भरू नका, तो कुरतडला जातो. आधी स्टीलवूल ठासा, वरून सिमेंट लावा. झरोक्यांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक तारेची जाळी हवी.

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून वायर सोडवा. विमा पॉलिसीत घर किती दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण थांबतं हे वाचा. बऱ्याच पॉलिसींत ही मर्यादा ३० किंवा ६० दिवस असते आणि लेखी कळवलं तर ती वाढवून मिळू शकते.

देखरेखीला माणूस असेल तर त्याला “लक्ष ठेवा” एवढंच सांगून भागत नाही. दर १५ दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर त्याने तीन गोष्टी कराव्यात: प्रत्येक खोलीच्या छताचे चारही कोपरे बघावेत, वीज आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढावा, कपाटं उघडून वास घ्यावा. मुख्य व्हॉल्व्ह बंद असूनही पाण्याचा आकडा पुढे गेला असेल, तर व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा मीटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला पाइप फुटला आहे. काही भिजलेलं सापडलं तर २४ ते ४८ तासांत वाळायला हवं. त्यानंतर बुरशी धरायला लागते.

घर उघडताना

दार उघडल्यावर दिवा लावू नका. आधी वास घ्या, तोही वाकून, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण न दाबता बाहेर या आणि दारं उघडी ठेवा.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या की झाडू हातात घेण्याचा मोह होतो. कोरड्या झाडल्या तर त्यांची धूळ श्वासात जाते आणि तिच्यातून हंतासारखे विषाणू येऊ शकतात. खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. हातमोजे घाला, १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी एकत्र करून त्यावर भरपूर फवारा, ५ मिनिटं भिजू द्या आणि कागदाने टिपून पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

पाणी सुरू करताना बंद करण्याचा क्रम उलटा करा: नळ बंद, मुख्य व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा, मग घरभर फिरून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. बोटाला न कळणारी गळती कागदावर दिसते. कोरडं असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. गीझर पूर्ण भरून गरम नळातून अखंड धार येईपर्यंत त्याची वीज लावू नका. शॉवरचं डोकं काढून पाणी ५ मिनिटं वाहू द्या. साचलेल्या पाण्यात २० ते ४५ अंश सेल्सियसला लीजिओनेला जिवाणू वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणूनच गीझर पहिल्यांदा ६० अंशांपर्यंत तापवा.

टाकी निर्जंतुक करायला १,००० लिटर पाण्याला बिनवासाचं ५ टक्क्यांचं १ लिटर ब्लीच पुरतं. विहिरीचं पाणी असं काढा: व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली २ मीटर असेल तर साधारण १४,००० लिटर, म्हणजे १४ लिटर ब्लीच. १२ तास तसंच ठेवा, मग उपसून झाडांपासून लांब मोकळ्या जमिनीवर सोडा. सेप्टिक टँकमध्ये ते गेलं तर मैला कुजवणारे जिवाणू मरतात. क्लोरीनचा वास जाईपर्यंत पाणी पिऊ नका, आणि पुन्हा तपासणी करून घ्या.

पंप फिरतो पण पाणी चढत नाही, अशी तक्रार हंगामाच्या पहिल्या आठवड्यात सर्वाधिक येते. आम्हाला फोन करण्याआधी पंप बंद करा, कारण कोरडा फिरला तर त्याचं सील काही मिनिटांत जातं. वरचं प्रायमिंगचं बूच उघडून काठोकाठ पाणी भरा आणि १० मिनिटं थांबा. पातळी तशीच राहिली तर बूच लावून पंप सुरू करा. पातळी उतरली तर फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी ओढणाऱ्या (सक्शन) पाइपच्या तळाशी असलेल्या, पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या झडपेत, कचरा अडकलाय किंवा त्याचं रबर वाळलंय. सक्शन पाइप किती इंची आहे ते बघून मगच कळवा, म्हणजे आमचा माणूस बरोबर मापाचा व्हॉल्व्ह घेऊन येईल.