सिम्प्लेक्सच्या तक्त्यामागचे जॉर्ज डॅन्झिग

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचा कांदा कोणत्या शहराला किती धाडला, तर एकूण भाडं सर्वांत कमी पडेल? नाशिकच्या कॉलेजांत ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे गणिताने उत्तम निर्णय काढण्याचं शास्त्र, शिकणाऱ्यांना या जातीची गणितं ओळखीची आहेत. दोन बाजार, दोन शहरं असली की उत्तर वहीच्या समासात निघतं. आकडे वाढले की पर्याय हाताबाहेर जातात. अशा गणितांसाठी सिम्प्लेक्स नावाची पद्धत देणारे अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डॅन्झिग स्वतः सत्तर माणसांना सत्तर कामं वाटण्याचं उदाहरण देत: वाटपाचा प्रत्येक प्रकार तपासायचा म्हटलं, तर विश्वाचं आयुष्यही अपुरं पडेल.

डॅन्झिग यांचा जन्म १९१४ चा, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. बर्कलीच्या विद्यापीठात शिकताना फळ्यावरचे दोन न सुटलेले प्रश्न गृहपाठ समजून त्यांनी सोडवले, ही गोष्ट खरी आणि सर्वांना ठाऊक असलेली. पण त्यांचं खरं मोठं काम अमेरिकी हवाई दलाच्या हिशेबांतून आलं. युद्धकाळात माणसं आणि सामान यांच्या योजना वरिष्ठांनी घालून दिलेल्या ठोकताळ्यांवर बसवल्या जात. त्यातून नेमकं काय साधायचं, हे समीकरणात कुणी मांडत नसे. डॅन्झिग यांनी ते मांडलं आणि १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. सगळे पर्याय धुंडाळायचे नाहीत. अटींनी आखलेल्या आकृतीच्या एका कोपऱ्यावरून शेजारच्या, अधिक फायद्याच्या कोपऱ्यावर जायचं आणि सुधारणा संपली की थांबायचं.

पहिली मोठी परीक्षा आहाराच्या गणितावर झाली. ७७ पदार्थ, पोषणाच्या ९ अटी, आणि वर्षाचा खर्च कमीत कमी. नऊ कारकून टेबलावरच्या गणनयंत्रांवर बसले आणि सुमारे १२० मनुष्यदिवसांनी उत्तर निघालं: ३९.६९ डॉलर. अर्थतज्ज्ञ स्टिग्लर यांनी आधी अंदाजाने काढलेला आकडा ३९.९३ होता. फरक २४ सेंटचा. पण याहून स्वस्त आहार बसतच नाही, ही खात्री आता गणिताने दिली होती.

लेनिनग्राडचे सोव्हिएत गणितज्ञ कांटोरोविच यांनी प्लायवूड कारखान्याच्या प्रश्नावरून १९३९ मध्येच अटींत बसणारं उत्तम उत्तर शोधण्याच्या या विषयाची वाट पाडली होती. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि याच विषयात काम केलेले अर्थतज्ज्ञ कूपमन्स यांना मिळालं. त्यांचा मान रास्तच. डॅन्झिग यांना वगळणं मात्र मला अन्यायाचंच वाटतं.

पुढे आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये कोपरे सोडून आकृतीच्या आतूनच वाट काढली. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्प्लेक्स आणि आतून जाणाऱ्या पद्धती शेजारी शेजारी नांदतात.