मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : मराठवाड्यातील उद्योगांना होणारा उपयोग

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या सूचना, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दामुळे होणारा घोटाळा मराठीत व्हायचे कारण नाही. आपल्याकडे ‘मुक्त’ वेगळे आणि ‘फुकट’ वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त संगणक प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांचे लिनक्स हे अशा प्रणालीच्या गाभ्याचे सॉफ्टवेअर आले, तर ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ चे.

चटकन दिसणारा फायदा परवान्याच्या पैशांचा. वाळूजच्या एखाद्या छोट्या कारखान्यात दहा संगणक असोत की पंधरा, लिब्रेऑफिस हे पत्रे-तक्ते करण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सगळ्यांवर बसवता येते. या बचतीचे कौतुक मात्र जरा जास्तच होते. मोठा लाभ आहे तो सॉफ्टवेअर आपल्या धंद्याप्रमाणे वळवून घेण्यात. लातूरच्या आडत बाजारात तुरीची किंवा सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करताना हमाली, तोलाई वजा करावी लागते. परगावच्या कंपनीने बनवलेल्या बंद सॉफ्टवेअरमध्ये हे रकाने नसले, तर ती कंपनी देईल तेव्हा मिळणार. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे धंद्याची खरेदी-विक्री, साठा, हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. त्यात असा बदल गावातला जाणकार पोरगाही करून देऊ शकतो. परवान्याचे वाचलेले पैसे त्याच्या मेहनतान्यात जातात, म्हणजे लातुरातच राहतात. त्याचे काम पटले नाही तर दुसरा गाठता येतो. हिशेब कोणाकडे अडकून पडत नाही.

‘कोड उघडा म्हणजे आपली खातेवहीही उघडी’ ही व्यापाऱ्याची शंका निराधार आहे. कोड सर्वांचा, नोंदी ज्याच्या त्याच्या. ईआरपीनेक्स्टला लागू असलेल्या जीपीएल या मुक्तस्रोत परवान्यानुसार स्वतःपुरता केलेला बदल जाहीर करण्याचीही सक्ती नाही. बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिले, तरच त्याला कोड द्यावा लागतो.

खर्च अजिबात नाही, असे मात्र नव्हे. बसवणे, माणसे शिकवणे, रोजचा बॅकअप यांना पैसा लागतोच. शिवाय बडे गिऱ्हाईक विशिष्ट कॅड (संगणकावर आराखडे काढण्याच्या) सॉफ्टवेअरमधलीच फाइल मागत असेल, तर पुरवठादाराचा नाइलाज होतो. छापखान्यांची अडचण निराळी. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टांत साठवलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसला की अगम्य चिन्हांत उघडतो. हा दोष लिब्रेऑफिसचा नाही, पण खापर त्याच्यावर फुटते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यानंतर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’सारखा मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट वापरता येतो.