ग्रुनफेल्डच्या ६७ वर्षं आधी

कोल्हापुरातल्या स्पर्धांत पांढऱ्यानं डी४, सी४ या घरांवर प्यादी नेली की मुलं घोडा एफ६, प्यादं जी६ आणि लगेच डी५ असं उत्तर देताना दिसतात. हा ग्रुनफेल्ड बचाव. पटाचा मध्य आधी पांढऱ्याच्या प्याद्यांना घेऊ द्यायचा, मग जी७ वरचा उंट आणि सी५ चं प्यादं लावून तोच पोखरायचा. अंगावर येणाऱ्याचा जोर त्याच्यावरच उलटवणं कुस्तीच्या या गावाला वेगळं शिकवावं लागत नाही.

व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डनं १९२२ मध्ये हा बचाव मोठ्या स्पर्धांत आणला आणि त्याच वर्षी पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनला हरवलं. नाव त्याचं झालं. पण मे १८५५ मध्ये, कलकत्त्यात, महेशचंद्र बॅनर्जी नेमक्या याच चाली खेळले होते. समोर होते स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन.

महेशचंद्र देशी पद्धतीत तयार झालेले. आपल्याकडेही जुनी माणसं तसंच खेळायची: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आजचं कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, राजाला एकदाच घोड्याची उडी. अशा डावात मध्यावर झडप घालता येत नाही. जी आणि बी पट्टीतली प्यादी एक घर सरकवून उंट कडेनं काढणं तिथं स्वाभाविकच. युरोपी नियम शिकल्यावरही महेशचंद्रांनी ती सवय सोडली नाही, आणि माझ्या मते हेच त्यांचं मोठेपण.

तो डाव मात्र ते हरले. अठराव्या चालीला कॉक्रेनच्या घोड्यानं एफ७ चं प्यादं मारलं, महेशचंद्रांनी ए५ वर घोडा आणून कॉक्रेनच्या वजिरावर रोख धरला. तिथून तीन चालींत मात आहे: कॉक्रेनचा घोडा एच६ वर जाऊन दुहेरी शह (एकाच वेळी दोन मोहऱ्यांचा), जी८ वर वजिराचा बळी, तो हत्तीनं घेताच घोडा पुन्हा एफ७ वर आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला राजा मात. ग्रुनफेल्ड शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हा डाव पहिल्याच दिवशी पटावर मांडायला हवा. पराभवामुळे तो झाकला जाऊ नये.

पुढे १९८६ मध्ये कारपॉव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारॉव्हनं हाच बचाव वापरला. २०१० मध्ये सोफियात तोपालोव्हविरुद्ध पहिल्या डावात आनंदनंही तो निवडला, ३० चालींत हरला, आणि तरीही ती लढत जिंकून जगज्जेतेपद राखलं.