कुसू, खोबण आणि खुंटी : लाकडी सांगाड्याच्या केबिनमागचा इतिहास

लाकडी सांगाड्याची छोटी केबिन स्वतःच्या हातांनी उभारताना जी कामे करावी लागतात, ती बहुतेक सगळी काही हजार वर्षांपूर्वीच ठरून गेलेली आहेत. अशा घरात खांब, तुळया आणि तिरके आधार मिळून छपराचा भार पेलतात, तर भिंत केवळ आडोसा देते. ओंडक्यावर ओंडका रचून केलेल्या घराशी अशा केबिनची नेहमी गल्लत केली जाते. तिथे मात्र भिंतच भार वाहते. सांगाड्याचे सारे बळ सांध्यांत असते, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला तासलेले कुसू (जिभेसारखा पुढे आलेला भाग) दुसऱ्याच्या खोबणीत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकण्यात.

हा सांधा धातूच्या अवजारांपेक्षा जुना आहे. जर्मनीत लाइपझिगजवळ नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी खणलेल्या विहिरींमध्ये ओकच्या लाकडांची अशी जोडणी सापडली असून तिचा काळ इसवी सनापूर्वी ५००० च्याही मागे जातो, तर चीनमधील हमुदू येथेही सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे कुसू-खोबणीचे सांधे मिळाले आहेत. दगडी वाकसाने एवढी नेमकी खोबण पाडता येते, हे त्या लाकडांनीच सिद्ध केले. अडचण सांध्याची नव्हती, पायाची होती. जमिनीत पुरलेला खांब ओलाव्याने मातीच्या पातळीशी कुजतो, आणि बाकीचे घर धडधाकट असूनही खाली बसते. खांब दगडी जोत्यावर आडव्या टाकलेल्या तुळईवर उभे करण्याची पद्धत रूढ झाल्यावर घरांचे आयुष्य शतकांत मोजता येऊ लागले. नॉर्वेतील बोर्गुंडचे बाराव्या शतकाच्या अखेरचे लाकडी चर्च आजही उभे आहे.

मध्ययुगीन युरोपातील सुतार बहुधा ओले, नुकतेच तोडलेले ओक वापरत, कारण वाळलेले ओक हाताने तासणे फार कष्टाचे असते. लाकूड पुढे आकसणार हे गृहीत धरूनच सांधा केला जाई: कुसवातले भोक खोबणीच्या भोकापेक्षा खांद्याकडे, म्हणजे कुसू मूळ लाकडाला मिळते त्या बाजूला, किंचित सरकवून पाडत, त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा ओढला जाऊन घट्ट बसे. प्रत्येक सांधा त्याच्या जोडीदाराशी प्रत्यक्ष ताडून कापल्यामुळे एक तुळई दुसरीच्या जागी चालत नसे, म्हणून लाकडांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरत. सांगाडा एका ठिकाणी कापून दुसरीकडे उभारणेही यामुळेच शक्य झाले. १३९० च्या दशकात ह्यू हर्लंड या सुताराच्या देखरेखीखाली लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे सुमारे २० मीटर रुंदीचे छप्पर असेच दूर फार्नहॅमजवळ घडवून राजधानीत आणण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ही पद्धत मागे पडली, ती कमकुवत ठरली म्हणून नव्हे. यंत्राने कापलेले खिळे स्वस्त झाले, करवत-गिरण्यांतून सारख्या मापाच्या पातळ पट्ट्या निघू लागल्या, आणि १८३० च्या दशकात वेगाने वाढणाऱ्या शिकागोत खिळ्यांनी ठोकलेला हलका सांगाडा रुजला. त्याच्या जनकत्वाबद्दल वाद आहे, परिणामाबद्दल नाही: खोबण पाडू शकणाऱ्या अनुभवी सुतारावाचून घर उभे राहू लागले. महाग होते ते कौशल्य, आणि ते वगळता आले.

याच संक्रमणात १८४५ साली हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाने मॅसॅच्युसेट्समधील वॉल्डन तळ्याकाठी १० बाय १५ फुटांची केबिन बांधली. मुख्य लाकडे त्याने उसन्या कुऱ्हाडीने सहा इंची चौरस तासली आणि त्यांना रीतसर कुसू-खोबणी केल्या. फळ्यांसाठी मात्र एक जुनी झोपडी विकत घेऊन मोडली, आणि खिळे बाजारचेच वापरले. एकूण खर्च २८ डॉलर १२.५ सेंट. त्यात स्वतःच्या श्रमाचे मूल्य त्याने धरले नव्हते, आणि सांगाडा उभा करायला परिचितांचे हात लागले होते. हातबांधणीच्या केबिनचे अर्थशास्त्र या हिशेबात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते: जिथे वेळेची मजुरी मोजायची नसते, तिथे खिळ्याने सांध्यावर मिळवलेली सरशी निम्मी उरते.

म्हणूनच १९७० च्या दशकात अमेरिकेत या कलेचे पुनरुज्जीवन सुरू झाले तेव्हा जुन्या कोठारांचे सांगाडे उकलून त्यांवरून शिकणाऱ्यांत हौशी बांधणाऱ्यांनाही जागा होती. फ्रान्समध्ये परंपरा पूर्ण तुटली नव्हती. लाकडी सांगाडा आखण्याच्या तेथील पद्धतीला युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे मध्ययुगीन छप्पर एप्रिल २०१९ मध्ये जळाल्यावर ते पुन्हा ओकमध्येच घडवायचे ठरले, तेव्हा कुऱ्हाडीने ओले ओंडके चौरस तासू शकणारे सुतार उपलब्ध होते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली ती त्यांनी खुंट्या ठोकून जोडलेल्या सांगाड्याखाली.