बिलासोबतचा जादा कागद: तुमच्या रस्त्याचा कार्बन हिशेब

डांबरीकरणाचं काम संपलं की बिलाला आम्ही आता एक जादा कागद जोडतो. तुमच्या रस्त्यापायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, तो आकडा त्यावर असतो. आधी एमआयडीसीतले कारखानेच मागायचे, कारण त्यांच्या मोठ्या ग्राहक कंपन्या त्यांना विचारतात. आता सोसायट्याही मागतात.

"धुरांड्याला मीटर लावता का?" हा पहिला प्रश्न ठरलेला. नाही लावत. हा वायू दिसत नाही. काळा धूर म्हणजे काजळी, ती तक्रार वेगळी. आम्ही इंधन मोजतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, खडी तापवून तिच्यात डांबर मिसळणाऱ्या प्लांटच्या बर्नरमध्ये जळो की डंपरमध्ये.

समजा, रस्ता एक किलोमीटर लांब, 3.75 मीटर रुंद आणि थर 30 मिलिमीटरचा. माल, म्हणजे डांबर मिसळलेली खडी, लागेल साधारण 270 टन. प्लांटच्या बर्नरला टनामागे 7 लिटर डिझेल धरलं, तर 1,890 लिटर, म्हणजे पाच टन कार्बन डायऑक्साइड. प्लांट 30 किलोमीटरवर असेल तर 16 टनी डंपरच्या 17 खेपा; लिटरला 3 किलोमीटर धरून 340 लिटर. टनभरही नाही!

खरी मेख ओल्या खडीत आहे. माल 150 अंशांच्या वर तापवायचा, पण त्याआधी खडीतलं पाणी उडवावं लागतं. एक टक्का ओल म्हणजे टनामागे दहा लिटर पाणी, आणि त्याची वाफ करायला जवळजवळ पाऊण लिटर डिझेल. ओल चारवरून दोन टक्क्यांवर आली, तर वरच्या कामात डंपरच्या सगळ्या खेपांपेक्षा जास्त डिझेल वाचतं. सगळ्यात जास्त पाणी धरते ती चुरी, म्हणजे खडीचा बारीक चुरा, म्हणून तिच्यावर आम्ही पत्रे टाकलेत. पावसानंतर दोन दिवस थांबा म्हणतो, तेही यासाठीच.

डांबर रस्त्यात राहतं, जळत नाही; पण रिफायनरीत ते तयार होताना झालेलं उत्सर्जन वेगळ्या ओळीत दाखवतो. खडी फोडणाऱ्या क्रशरचं तसंच. माल पसरणारा पेव्हर आणि तो दाबणारा रोलर यांचं डिझेल लॉगबुकातून येतं.

पहिल्या कागदात आमची चूक झाली होती. डिझेल खरेदीच्या पावत्यांची सरळ बेरीज केली आणि टाकीत उरलेलं वजा करायचं राहिलं. आता काम सुरू होताना आणि संपताना टाकीत पट्टी बुडवून नोंद करतो. ती नोंद आणि वजनकाट्याच्या पावत्या कागदामागे टाचलेल्या असतात. बेरीज स्वतः करून बघा.