कलीला-दिम्नाची चित्रं : पार्श्वभूमी

पंचतंत्र आधी पहलवीत, म्हणजे जुन्या फारसीत, गेलं, तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं, आपले करटक-दमनक हे कोल्हे तिकडे कलीला आणि दिम्ना झाले आणि पुस्तकालाही तेच नाव पडलं. एवढं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते सोडून थेट चित्रांकडे येतो. गोष्टींचा माग बऱ्यापैकी लागतो, चित्रांचा मात्र मध्येच तुटतो.

अरबी अनुवाद साधारण ७५० चा. आणि आज हातात असलेली सगळ्यात जुनी सचित्र अरबी पोथी पॅरिसमधली, १२०० ते १२२० च्या आसपासची, बहुधा सीरियात तयार झालेली. म्हणजे मधली साडेचारशे वर्षं एकही सचित्र अरबी पोथी पूर्ण हाताला लागत नाही. एवढ्या काळात चित्रं होती की नव्हती यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत आणि सगळं भांडण फिरून फिरून प्रस्तावनेतल्या एका उताऱ्यावर येतं.

त्या उताऱ्यात पुस्तकाचे चार हेतू दिलेत. पहिला हेतू, मुक्या जनावरांच्या तोंडी गोष्टी घातल्या की थिल्लर तरुण पोरंही हौसेने वाचतील. दुसरा, तऱ्हेतऱ्हेच्या रंगांत प्राण्यांची चित्रं असतील तर राजांचं मन रमेल. तिसरा, त्यामुळे राजा आणि रयत दोघंही पुस्तक घेतील, नकला, म्हणजे हाताने उतरवलेल्या प्रती, वाढत जातील आणि चित्रकार आणि नकलाकार (प्रती उतरवणारा) यांचं कायम भलं होईल. चौथा गंभीर, फक्त तत्त्वज्ञांसाठी. आता हा उतारा खुद्द अनुवादकाचा मानला तर ७५० लाच हे पुस्तक चित्रांसकट डोळ्यासमोर होतं असं म्हणावं लागतं, आणि एका तटाचं म्हणणं तेच आहे.

त्यांच्या बाजूने पुरावेही आहेत, अगदीच हवेत नाही. आजच्या ताजिकिस्तानातल्या पंजीकंदला आठव्या शतकातल्या सोग्दी (तिथल्या जुन्या इराणी भाषकांच्या) घरांच्या भिंतींवर याच गोष्टी रंगवलेल्या सापडल्या, त्यात सिंह आणि सशाची गोष्ट सरळ ओळखू येते. म्हणजे अरबी अनुवाद झाला त्याच सुमाराला मध्य आशियात या गोष्टींची चित्रं भिंतीवर होतीच. मग दहाव्या शतकात याचं फारसीत पद्य झालं, आणि ९५७ च्या एका शाहनाम्याच्या प्रस्तावनेत लिहिलंय की त्या पद्यात चिनी लोकांनी चित्रं घातली. दक्षिण इटलीतली दहाव्या-अकराव्या शतकातली एक ग्रीक पोथीही आहे, सध्या न्यूयॉर्कला, तिच्यात कलीला-दिम्नाचा भाग आहे आणि चित्रंही आहेत.

दुसरा तट म्हणतो की हे सगळं खरं, पण भिंत म्हणजे पोथी नाही आणि ग्रीक-फारसी म्हणजे अरबी नाही. आणि मुख्य मुद्दा असा की हे पुस्तक नकलाकारांनी कधीच जसंच्या तसं उतरवलं नाही, कोणी गोष्ट वाढवली, कोणी कापली, कोणी अख्खी प्रस्तावना जोडली. तारीख लिहिलेली सगळ्यात जुनी अरबी प्रत १२२१ ची आहे, तीच मुळात अनुवादकानंतर पावणेपाचशे वर्षांची, मग तिच्यातलं किंवा तिच्या नंतरच्या प्रतींतलं कुठलं वाक्य त्याचं हे छातीठोकपणे कसं सांगणार? शिवाय ७५० ला बगदाद शहरच वसलेलं नव्हतं आणि कागदाचा तिकडे सुळसुळाट व्हायचा होता, भरपूर चित्रांची, रयतेने विकत घ्यायची पुस्तकं चामड्याच्या पानांवर काढणं म्हणजे दिवाळखोरीच.

मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते आणि त्याचं कारण तो तिसरा हेतू. पुस्तक खपलं की चित्रकार आणि नकलाकाराचं भलं होईल, हे वाक्य पुस्तकात घुसवायची गरज कोणाला असणार? अनुवादक सरकारी चिटणीस होता, त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न चित्रांवर अडला नव्हता. ही मला दुकान मांडून बसलेल्या नकलाकाराची भाषा वाटते. अर्थात चित्रं आधी अजिबातच नव्हती असं माझं म्हणणं नाही, सुटी चित्रं असणार, पण प्रस्तावना दाखवून सलग परंपरा सिद्ध करायची हे जरा अतीच होतं.

बरं, मग १२०० च्या आसपास एकदम चित्रं का दिसायला लागतात? तर तेव्हा अरबी जगात सचित्र पुस्तकांची लाटच आली होती. हरीरीच्या मकामा या अरबी किश्शांच्या पुस्तकाच्या १२२२ आणि १२३७ च्या सचित्र पोथ्या याच लाटेतल्या. पॅरिसच्या कलीला-दिम्नात पार्श्वभूमी अशी नाहीच, कोरा कागद, खाली गवताची एक पट्टी, एखादं झाड, आणि दोन प्राणी समोरासमोर बोलतायत. बस. कावळ्यांचा राजा मंत्र्यांशी मसलत करतोय ते पान बघा, नुसत्या माना वळवून कोण कोणाचं ऐकतोय ते कळतं. या पोथीची काही पानं हरवली होती, ती नंतरच्या हातांनी भरून काढलेली आहेत, त्यामुळे नेटवर एखादं चित्र "तेराव्या शतकातलं" म्हणून फिरत असेल तर जरा जपून.

खरी मजा मात्र चौदाव्या शतकात, इजिप्त-सीरियातल्या ममलूक सुलतानांच्या राजवटीत. १२५८ ला मंगोलांनी बगदाद लुटल्यावर अरबी पुस्तकांचा मोठा आधार कैरो आणि दमास्कस हाच उरला. या काळातल्या चार पोथ्या महत्त्वाच्या : म्युनिकची साधारण १३१० ची, पॅरिसचीच आणखी एक, ऑक्सफर्डची १३५४ ची आणि केंब्रिजची १३८९ ची. ऑक्सफर्डची प्रत सतराव्या शतकात अलेप्पोत पाद्री असलेल्या एका इंग्रज विद्वानाच्या संग्रहातून आली. चारही ठिकाणी कुठल्या प्रसंगाचं चित्र काढायचं हे इतकं मिळतंजुळतं आहे की समोर कुठला तरी जुना नमुना असणारच.

या चित्रांना "भावनाशून्य, ठोकळेबाज" म्हणायची जुनी सवय आहे, फारसी चित्रांशी तुलना करून. मला ते पटत नाही. ममलूक चित्रकाराला निसर्ग दाखवायचाच नव्हता, त्याला दरबार दाखवायचा होता. आणि दरबार कसला, तर जिथे सुलतान कधी उतरवला जाईल याचा नेम नाही. ऑक्सफर्डची पोथी हिजरी ७५५ ची, त्याच वर्षी कैरोत एका सुलतानाला काढून त्याच्या भावाला परत गादीवर बसवलं. केंब्रिजची ७९१ ची, त्या वर्षी सुलतान बरकूकला हटवलं आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. पोथ्या त्या घटनांमुळे झाल्या असं नाही, योगायोगच, पण सिंहाचे कान भरून बैलाला मारवणाऱ्या दिम्नाची गोष्ट तिथल्या अमीरांना लहान मुलांची गोष्ट वाटली असेल का? संस्कृतात दमनक सहीसलामत सुटतो, मंत्रीच राहतो. अरबीत मात्र दिम्नावर खटला चालवून त्याला मारायचा एक अख्खा अध्याय जोडलाय, आणि चित्रकारांनी तोही रंगवलाय.

पंधराव्या शतकात पुढाकार फारसीकडे गेला. हेरातला १४२९ च्या सुमाराला राजपुत्रासाठी केलेली पोथी बघितली की खडक, ढग, फुलं यांत प्राणी शोधावे लागतात. तिथून अन्वार-इ-सुहैली या नव्या फारसी रूपाने गोष्टी परत भारतात आल्या आणि अकबराच्या चित्रशाळेत १५७० ला तिची सचित्र पोथी तयार झाली, १५८८ ला अबुल फजलने तेच सोप्या फारसीत लिहून काढलं.

अरबी छापील आवृत्ती आली १८१६ ला, तीही पॅरिसमध्ये आणि चित्रांशिवाय. त्यामुळे पुढची शंभरेक वर्षं मजकुरावर काम करणारे वेगळे आणि चित्रांवर काम करणारे वेगळे अशी वाटणी होऊन बसली, मजकूरवाले चित्रं बघेनात आणि चित्रवाले अरबी वाचेनात. बर्लिनमध्ये २०१८ पासून शंभराहून जास्त अरबी प्रती ओळीला ओळ लावून बघायचं काम सुरू झालं, आणि दिसतंय ते हेच की प्रती एकमेकींशी जुळतच नाहीत. चार हेतूंच्या उताऱ्याचं काय ते आता अशाच कामातून ठरेल.